आधी बूच!

मासे पकडण्याच्या हौसेपायी होडी घेणारा मध्यमवर्गीय माणूस होडी घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती करत असेल, तर तो मासे पकडणं थांबवतो. त्याला वेळच नसतो. तो होडी सुधारत असतो.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत माझी एक चौदा फुटी फायबरची होडी आहे. जुनी घेतली, तीही जुन्या इंजिनासकट. घेतली तेव्हा तिच्यात दोन वल्ही, एक नांगर, लांबलचक दोर, पाणी उपसायला कापलेला तेलाचा डबा आणि तळाच्या भोकाला चिंधी गुंडाळून ठोकलेलं एक लाकडी बूच, एवढाच संसार होता. पहिल्या रविवारी मी गळ टाकून बसलो आणि तीन शेंगट्या मिळाल्या. तोच माझा सुवर्णकाळ. हे तेव्हा मला कळलं नाही; सुवर्णकाळ चालू असताना कोणालाच कळत नाही.

दुसऱ्या रविवारी आमचे एक स्नेही होडी पाहायला आले. हे गृहस्थ 'घरच्या घरी, स्वस्तात मस्त' या पंथाचे. जुन्या पॅन्टची पिशवी, पिशवीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पुन्हा काहीतरी करणारे. त्यांनी होडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि स्थळ पाहायला आलेल्या आत्याबाईंसारखा चेहरा करून म्हणाले, "होडी बरी आहे हो. पण जरा उजाड वाटते."

उजाड! हा शब्द माझ्या काळजात गळासारखा रुतला. १ जूनला यांत्रिक मासेमारीची बंदी सुरू झाली. ती ३१ जुलैपर्यंत असते. एवढ्या दोन महिन्यांत आम्ही दोघांनी त्या होडीचा कायापालट केला.

तळावर हिरवं गार, गवतासारखं कार्पेट चिकटवलं. मधोमध फिरती खुर्ची बसवली. कडेनं निळ्या दिव्यांची माळ फिरवली. मागच्या फळीवर पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र लावलं. नांगराचा दोर फार लांब वाटला, म्हणून त्यातला पाच मीटर नांगराला ठेवून उरलेला होडीच्या काठावर वेटोळी घालून शोभेला गुंडाळला. वल्ही खुर्चीच्या आड येत होती, ती घरी माळ्यावर गेली. तेलाचा डबा दिसायला कळकट, तो कुंडी झाला; त्यात सध्या गवती चहा आहे. होडी बुडू नये म्हणून पुढच्या टोकात थर्माकोल भरून वरून रेझीन ओतायचं ठरलं. पॉलिएस्टर रेझीनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल त्यात विरघळतो, हे शास्त्र मला त्या दिवशी प्रत्यक्ष प्रयोगाने कळलं. पोतंभर थर्माकोल आमच्या डोळ्यांदेखत वाटीभर चिकट खळ होऊन बसला. स्नेही म्हणाले, "वजन तर वाचलं!"

बूच तेवढं जुनंच राहिलं. कार्पेटखाली असल्यामुळे ते दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते सुधारायचं कशाला, हा आमच्या पंथाचा मूलमंत्र होता.

नारळी पौर्णिमा उलटल्यावर एका संध्याकाळी मी, स्नेही आणि माझा दहा वर्षांचा नातू असे तिघं निघालो. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले एक म्हातारे खारवी आबा मान वर करून म्हणाले, "काय हो भाऊ, होडी लग्नाला चालली काय?" आम्हाला तो गौरव वाटला.

इंजिन चालू होतं तोवर सगळं झकास होतं. मग आम्ही थांबलो, गळ टाकले, आणि दहा मिनिटांनी नातू म्हणाला, "आजोबा, गवत ओलं झालंय."

गवत ओलं असतंच, असं मी त्याला सांगितलं. पण पाच मिनिटांत गवत तरंगायला लागलं. बूच निघालं होतं. इथे जरा हिशेब सांगतो, कारण तो मी नंतर रात्रभर जागून केला आहे. एक इंची भोक पाण्याखाली वीतभर असेल, तर त्यातून मिनिटाला तीसेक लिटर पाणी आत येतं. होडीचा तळ ३ चौरस मीटर धरा. त्यावर चार बोटं, म्हणजे ७ सेंटिमीटर पाणी साचलं की झाले २१० लिटर. म्हणजेच २१० किलो. न बोलावलेली तीन धडधाकट माणसं होडीत येऊन बसली असं समजा. तीही स्वस्थ बसणारी नव्हेत. होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावत जाणारी!

इंजिन ओढलं. दोनदा फुरफुरलं आणि गप्प झालं. खुर्ची फिरवताना तिच्या पायाखाली पेट्रोलची नळी दबली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. वल्ही माळ्यावर. डब्यात गवती चहा. नांगर टाकला, तर पाच मीटर दोरावर तो तळाला नुसता खरवडत आमच्याबरोबर फिरायला निघाला. ओहोटी लागली होती आणि पाणी आम्हाला खाडीच्या मुखाकडे नेत होतं. तिथे वाळू साचते आणि तिच्यावर लाटा फुटतात. यंत्र मात्र इमानेइतबारे चालू होतं. मासे दाखवत नव्हतं. पाण्याची खोली दाखवत होतं, होडीच्या बाहेरची. आतली मोजायला यंत्राची गरज उरली नव्हती.

तरंगायची जाकिटं दोन होती, तीही मोठ्या माणसांची आणि खुर्चीला उशी म्हणून बांधलेली. गाठी सोडून एक नातवाला घातलं, तर ते त्याच्या कानांपर्यंत वर सरकलं. आत तो एवढासा. म्हणाला, "आजोबा, आपण मजा करतोय ना?" मी 'हो' म्हटलं. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण तेवढी जड थाप दुसरी नाही. त्याच्या आईला मी 'तासाभरात येतो' असं सांगून निघालो होतो.

आबा आले. त्यांच्या त्या ना रंग ना रूप अशा होडीतून, दोन वल्ह्यांवर. जवळ येताच त्यांनी पहिल्यांदा दोर फेकला नाही; कापलेला डबा फेकला. "आधी पाणी काढा," ते म्हणाले, "देवाचं नाव मागनं घ्या." मग नेसत्या पंच्याचा एक तुकडा फाडून त्यांनी आमचं भोक बुजवलं. हजारो रुपयांची आमची सुधारणा त्या वीतभर चिंधीवर घरी आली.

तेव्हापासून मी या होडी-सुधारक पंथाचा जाहीर शत्रू आहे. गैरसमज नको. घरी बनवण्याला माझा विरोध नाही, स्वस्ताला तर मुळीच नाही. प्लंबिंगच्या पाइपचा हातभर तुकडा काठाला बसवला, तर गळाची काठी ठेवायला तो दुकानातल्या चकचकीत खोबणीइतकाच उपयोगी पडतो. माझा विरोध आहे तो क्रमाला. पहिला रुपया घरी परत आणणाऱ्या वस्तूवर गेला पाहिजे. मासे आणणाऱ्या वस्तूवर दुसरा. आणि लोकांनी 'वा!' म्हणावं यासाठीचा रुपया बँकेत ठेवावा.

परत आणणाऱ्या वस्तू हास्यास्पद स्वस्त असतात, म्हणूनच त्यांना कोणी विचारत नाही. दोन नवी रबरी बुचं. एक भोकात, एक दोरीने शेजारीच बांधलेलं. कापलेला डबा, तोही बांधलेला, कारण डबा आयत्या वेळी आपल्याआधी पाण्यात उडी मारतो. नांगराला पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोर. तो लांब पडला तरच नांगर आडवा ओढला जाऊन तळाला रुततो. फळ्यांखाली २० लिटरचे रिकामे, घट्ट झाकणाचे कॅन पक्के बांधले तर एकेक कॅन १९ किलोच्या आसपास उचलून धरतो आणि रेझीनमध्ये विरघळत नाही. पाण्याखाली स्क्रू मारायचाच तर सीलंट लावून, आणि ३१६ जातीच्या स्टेनलेसचा. ३०४ चा खाऱ्या पाण्यात डागाळतो आणि साधा लोखंडी तर पुढच्या पौर्णिमेपर्यंत गंजून रडायला लागतो. प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१० शिक्क्याचं. बॅटरी असेल तर तिच्या अगदी जवळ, अधिक टोकाच्या तारेवर फ्यूज. गळ्यात शिटी, मेणकापडी पाकिटात फोन. आणि प्रत्येकाच्या वजनाला बेताचं जाकीट. मुलाच्या जाकिटाला पायांमधून घ्यायचा पट्टा असलेलं. त्याची किंमत चांगल्या बुटाच्या जोडापेक्षा फारशी जास्त नाही. ते अंगात घालायचं असतं. उशी करायची नसते.

यावर सुधारकांचे दोन ठरावीक मुद्दे येतात. पहिला, "आम्हाला पोहता येतं." येत असेल. मलाही येतं, तलावात. खाडीची ओहोटी जोरात असली की ताशी तीन-चार किलोमीटरने ओढते, आणि आपण मंडळी कपड्यांसकट त्याहून हळू पोहतो. म्हणजे जिवाच्या आकांताने हातपाय मारून माणूस मागे मागे जातो. हे नोकरीत सहन होतं, पाण्यात होत नाही.

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे: "अहो, हौसेला मोल नसतं." कबूल. पण हौसेला वजन असतं! खुर्चीला असतं, ओल्या कार्पेटला असतं, बॅटरीला असतं. शिवाय उंच खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे होडीच्या दृष्टीने झाडावर चढलेलं पोर. आणि होडीत जागा मोजकी. एक शोभेची वस्तू आत आली की एक गरजेची बाहेर जाते, निमूटपणे, माळ्यावर किंवा कुंडीत. आमच्या होडीत वल्ही नव्हती, कारण खुर्ची होती. दोर नव्हता, कारण शोभा होती. बूच दिसत नव्हतं, कारण गवत होतं.

आता माझी होडी पुन्हा उजाड आहे. कार्पेट उपटलं, खुर्ची ओसरीवर आहे. तिच्यात मांजर फिरतं. निघण्याआधी नातू स्वतः वाकून बूच हलवून पाहतो आणि मला 'घट्ट' असा अहवाल देतो. तो मिळाल्याशिवाय मी दोर सोडत नाही. परवा आबांनी होडी पाहिली आणि म्हणाले, "हां. आता होडी दिसते." एवढं कौतुक मला निवृत्तीच्या समारंभातही झालेलं आठवत नाही.

स्नेही मात्र सुधारलेले नाहीत. गेल्या रविवारी ते एक तारेची कडी घेऊन आले. काठाला लावायची, चहाचा कप ठेवायला. घरीच केलेली, खर्च शून्य.

मी म्हटलं, "कडी राहू दे. कप आणा. जरा मोठा आणा, पाणी उपसायला बरा पडेल."