वाऱ्यावर सोडलं म्हणे!

पायथॉन २.७ जाऊन इतकी वर्षं झाली, तरी "ओपन सोर्सवाल्यांनी सपोर्ट काढून आम्हाला वाऱ्यावर सोडलं" म्हणणारे महाभाग अजून भेटतात. परवाही एक मित्र भेटला. चहा त्याने पाजला म्हणून तिथे गप्प बसलो, इथे बसणार नाही.

पायथॉन ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये. २.७ ची मुदत आधी २०१५ पर्यंत होती, २०१४ मध्ये ती वाढवून २०२० केली. एवढ्या काळात पहिलीतलं पोर बारावीला जातं राव! आणि वाढवून मिळालेल्या पाच वर्षांत आमच्या तेव्हाच्या कंपनीने काय केलं? काहीही नाही. दर तिमाहीत "मायग्रेशन" हा शब्द एका स्लाइडवर यायचा आणि पुढच्या तिमाहीत सरकायचा. २०१९ च्या डिसेंबरात मग पळापळ. मॅनेजर मला म्हणतो, "त्या लायब्ररीवाल्यांना मेल टाक ना, अजून दोन वर्षं चालू ठेवा म्हणावं." त्या लायब्ररीवर आमचं अख्खं बिलिंग चालायचं आणि तिला आम्ही ना एक रुपया दिला होता, ना एक पॅच. आणि मी तो मेल टाकला! दोन ओळींचं उत्तर आलं: जुनी आवृत्ती जागेवरच आहे, दुरुस्त्या हव्या असतील तर स्वतः करा.

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, फारच सभ्य उत्तर होतं.

दोन्ही पायथॉन सांभाळायचे म्हणजे प्रत्येक टेस्ट दोनदा, नवीन सोयी वापरायच्या नाहीत, आणि हे सगळं कुणीतरी नोकरी सांभाळून रविवारी करायचं. वर युनिकोडचा घोळ. मराठी माणसाने तरी २.७ साठी रडू नये! यूटीएफ-८ मधल्या 'मराठी' या साध्या स्ट्रिंगची लांबी विचारली की ते १५ सांगायचं, कारण ते बाइट मोजायचं. पायथॉन ३ पाच सांगतं. (आपण तीनच अक्षरं मोजतो, पण तो वाद वेगळा.)

पायथॉनवाल्यांचंही चुकलंच. युनिकोड स्ट्रिंगच्या आधी 'यू' लावायची सोय त्यांनी ३.० मध्ये काढून टाकली, ती २०१२ मध्ये ३.३ ला परत आणावी लागली. तोवर एकच कोड दोन्हीकडे चालवणं म्हणजे छळ होता. तेव्हा थांबलेल्यांना मी नावं ठेवणार नाही. पण नंतरच्या सात वर्षांचं काय?

आणि सपोर्ट काढला म्हणून कुणी तुमच्या सर्व्हरवरून कोड उचलून नेत नाही. जॅंगो १.११ ही पायथॉन २ वर चालणारी शेवटची आवृत्ती, ती आजही डाउनलोड होते. पॅकेजमध्ये किमान पायथॉन कुठलं लागेल ही एक ओळ लिहिली, की २०१६ च्या पिप ९ पासून जुन्या पायथॉनवर आपोआप जुनीच आवृत्ती उतरते. ती ओळ न लिहिता सपोर्ट काढणाऱ्याला मात्र खुशाल शिव्या घाला, मीही घालतो.

ज्यांना २.७ हवंच होतं त्यांच्यासाठी रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत ते जून २०२४ पर्यंत सांभाळलं. पैसे घेऊन. घ्यायलाच हवेत.

असो. चहा पाजणाऱ्या मित्राचं काम सध्या ३.८ वर अडकलंय. त्याची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्येच संपली. कुणाला तरी मेल टाकायचं चाललंय म्हणे.