बोअरच्या पाण्याचा लाल रंग

यवतमाळात माझा फोटो स्टुडिओ होता. डार्करूमच्या काळात मे महिन्यात डेव्हलपर २० अंशांवर ठेवणं ही रोजची झटापट असे. घमेल्यात बर्फ, बर्फात ट्रे, ट्रेमध्ये थर्मामीटर. ते थर्मामीटर यंदा कपाटातून पुन्हा काढलं, नातीच्या ॲक्सोलॉटलसाठी.

हा मेक्सिकोचा प्राणी. बेडकासारखाच उभयचर, पण जन्मभर पाण्यातच राहतो आणि डोक्यामागे झालरीसारखे कल्ले मिरवतो. पाय तुटला तर त्याला नवा पाय फुटतो. पाणी मात्र १६ ते १८ अंशांचं लागतं, २४ च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आमच्याकडे एप्रिलात दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. असा प्राणी यवतमाळात आणूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पण वाढदिवसाची भेट म्हणून तो घरात आला होता, आणि आलेल्या जिवाला जगवणं आलंच. सायटीस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, हेही विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. ती आम्ही नंतर केली.

तिसऱ्या आठवड्यात नात म्हणाली, "आबा, हा खाऊनच नाही राह्यला." कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक मुडपलेलं, आणि एका कल्ल्यावर पांढरा पुंजका, सरकी काढलेल्या कापसासारखा. दुकानातून बुरशीचं औषध मिळालं. मी ते टाकू दिलं नाही. प्रिंट बिघडली की कागदाला दोष देण्याआधी ट्रेमधलं पाणी बघायचं, ही माझी चाळीस वर्षांची सवय.

नागपूरहून पाणी तपासायचा संच मागवला. अमोनिया शून्य हवा, तो १ निघाला. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. टाकीत जिवाणूंची वस्ती झालेली असेल तर ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं सौम्य असं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. आम्हाला टाकी आणि प्राणी एकाच दिवशी विकले गेले होते. माझ्या मते असं विकायला बंदीच हवी.

त्याला टबात काढलं. टब थर्माकोलच्या खोक्यात ठेवला, फ्रीझरमधल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीनं आत सोडल्या. शाळेच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं उकळून तो अर्क घातला. पाणी रोज सगळंच्या सगळं बदललं. आठ-दहा दिवसांत पुंजका गळाला आणि त्यानं गांडूळ गिळलं. गांडूळ घरच्या कुंडीतलं होतं. कपाशीच्या वावरातलं आम्ही मुद्दाम घेतलं नाही, तिथं फवारणी असते.

एक गोष्ट मात्र जुळेना. अमोनिया शून्यावर आला, पण नायट्रेटची नळी लालभडकच. रोज नवं पाणी घालूनही रंग हलत नव्हता. नातच म्हणाली, "टबातलं नको, बोअरचं तपासून पाहू." मोटर सुरू केली, बादलीतून नळी भरली आणि थेंब टाकले. रंग ४० आणि ८० च्या मधला. माणसानं प्यायच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. हे पाणी आम्ही वर्षानुवर्षं पीत होतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात सर्वाधिक नायट्रेटग्रस्त म्हणून देशातले १५ जिल्हे दिले आहेत. त्यातले सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि आपला यवतमाळ. वावरातला युरिया, शेणाचे उकिरडे, संडासाच्या टाक्या, सगळ्यांचं झिरपून शेवटी बोअरमध्येच येतं. फ्लोराइडचं नाव तरी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याचे डाग दातांवर दिसतात. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. तुरटी फिरवून ते जात नाही, आणि उकळलं तर पाणी आटून उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं.

ॲक्सोलॉटलचं स्वतःचं घर म्हणजे मेक्सिको शहरातले शोचिमिल्कोचे कालवे. १९९८ मध्ये तिथं एका चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६ उरले. बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे, आणि नासलेलं पाणी, ही त्याची कारणं. नातीनं हे वाचलं त्या रात्री ती बराच वेळ टबाजवळ बसून होती.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, त्यासाठी संचही आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक विहिरीचा आणि बोअरचा नायट्रेटचा आकडा, तपासल्याच्या तारखेसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगानं लिहावा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. शहरात तो प्रत्येक वॉर्डात लावावा. कपाशीचा भाव आपण रोज बघतो, तसा हा आकडाही येता-जाता डोळ्यांसमोर असावा.

ॲक्सोलॉटलला आता धरणाचं, नळाचं पाणी देतो. त्यातलं क्लोरीन मारायला हायपो टाकतो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, डार्करूममध्ये फोटो पक्का करायला वापरायचो तेच. नातीनं गल्लीतल्या अकरा बोअरचं पाणी तपासून वहीत लिहिलंय. सात ४५ च्या वर आहेत. त्यांतल्या एका घरात चार महिन्यांचं बाळ आहे. तिथं आम्ही दोघं त्याच संध्याकाळी वही घेऊन गेलो.