कोडी आणि कोंबड्या

भाषण करायला मला विषय लागत नाही, माईक लागतो. २०२५ सालच्या जून महिन्यात दोन्ही एकदम मिळाले. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय सरकारने एप्रिलात काढला होता आणि त्यावरून महाराष्ट्र तापला होता. आमच्या सोसायटीनेही पार्किंगमध्ये निषेधसभा ठेवली. तिथे मी चाळीस मिनिटं बोललो. सहा वर्षांच्या कोवळ्या जिवावर घरात न बोलली जाणारी भाषा लादणं म्हणजे त्याच्या जिभेला कुलूप घालणं आहे, असं म्हणताना माझा गळा इतका दाटून आला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी पाठवलं. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. त्यात माझ्या भाषणाचा वाटा किती, हे मी इतिहासावर सोडतो. पण सोसायटीने मला शाल आणि नारळ दिला.

हा सगळा पराक्रम मी हौसेने भाच्याला फोनवर ऐकवला. हा भाचा सिरोंचा तालुक्यातल्या एका लहानशा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, भाषण झकास आहे. हेच इकडे येऊन करा. फक्त 'हिंदी' आहे तिथे 'मराठी' घाला."

मला वाटलं, फोनमध्ये खरखर आहे. म्हणून डिसेंबरात स्वतःच गेलो.

सिरोंचा हा महाराष्ट्राचा असा कोपरा आहे की तिथून नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. आलापल्लीपासून पुढे जंगल सुरू होतं आणि रस्ता... रस्त्याविषयी मी इतकंच म्हणेन की शरीरात हाडं नेमकी कुठे कुठे असतात, हे मला शाळेत नीट शिकवलं नव्हतं ते त्या प्रवासात समजलं. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर तेलंगण. पूल आत्ताचा, सोयरिकी त्याआधीच्या. इकडची मुलगी तिकडे, तिकडची सून इकडे. बाजारात भाव तेलुगूत ठरतो, भांडण तेलुगूत होतं, घरात आई मुलाला तेलुगूत रागावते आणि तेलुगूतच कुरवाळते. आतल्या गावांतून गोंडी आणि माडिया.

आणि ही माणसं कुठून आलेली नाहीत बरं का! ती होती तिथेच आहेत. इकडून तिकडे फिरलं ते सरकार. १८६० साली निजामाने हा मुलूख इंग्रजांना दिला. मग मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र. जिल्हा आधी चांदा, त्याचं झालं चंद्रपूर, आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली. एखादे आजोबा त्याच पडवीत, त्याच बाजेवर बसून इतकी राज्यं आणि जिल्हे हिंडून आले. आम्ही अष्टविनायक करून आलो तर शेजाऱ्यांना आठवडाभर सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. भाच्याने पहिलीच्या वर्गात माझी ओळख करून दिली, "हे माझे मामा. आणि ह्या बरोबर आल्यात त्या काकी." काकी म्हणजे आमच्या शेजारणी, त्यांना नदीपलीकडच्या कालेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. 'काकी' म्हटल्याबरोबर अख्ख्या वर्गाने माना वर केल्या आणि छपराकडे पाहिलं. एक चिमुरडी तर 'हुश् हुश्' करायला लागली. मला काही कळेना. तेवढ्यात मागच्या दारातून खिचडी शिजवणाऱ्या मावशी डोकावल्या, मुलांना तेलुगूत दोन वाक्यं बोलल्या, आणि वर्ग काकींकडे बघून असा काही हसला की बिचाऱ्या पदर सावरू लागल्या. तेलुगूत काकी म्हणजे कावळा.

"हे काहीच नाही," भाचा म्हणाला. "पहिल्या आठवड्यात मी मुलांना म्हटलं, आज आपण कोडी सोडवू या. पोरं खूश! एक जण धावत जाऊन टोपली घेऊन आला. कोडी म्हणजे कोंबडी, मामा. मास्तर कोंबड्या सोडणार, म्हणून पोरं टपून बसलेली. आणि मी त्यांना विचारतोय, 'पाटीवर पाटी, सांगा काय?'"

भाच्याने डी. एड. केलं आहे. त्याला बालमानसशास्त्राचे दोन पेपर होते. नोकरीत लागल्यापासून किमान डझनभर प्रशिक्षणं झाली. प्रत्येकात एक फाइल, एक पेन आणि दुपारचं जेवण. या सगळ्यात, 'बाबा रे, तू जिथे चालला आहेस तिथे गाईला आवु म्हणतात आणि घराला इल्लु,' एवढं एक वाक्य त्याला कोणी सांगितलं नाही. इंग्रजाच्या राज्यात विलायतेहून आलेल्या कलेक्टरलासुद्धा प्रांताची भाषा शिकून परीक्षा द्यावी लागे. आणि कलेक्टरला तर फक्त सारा वसूल करायचा होता, 'अ आ इ ई' शिकवायची नव्हती.

त्या शाळेतल्या खऱ्या भाषातज्ज्ञ म्हणजे खिचडीच्या मावशी. त्यांना तेलुगू येतं, गोंडी येतं, मराठी येतं, आणि मास्तर कुठे अडलाय हे चुलीपाशी बसून आवाजावरून कळतं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, अर्धा वर्ग तर तुम्हीच चालवता." त्या म्हणाल्या, "मग पगार पण अर्धा द्यायला सांगा ना सरले." सरांनी लगेच खडू शोधायला घेतला.

खिडकीपाशी एक मुलगा बसला होता. आतल्या पाड्यावरचा, माडिया. वर्गाची भाषा तेलुगू, मास्तरची मराठी, आणि ह्याची तिसरीच. जूनपासून ऑगस्टपर्यंत तो एक अक्षर बोलला नव्हता. आधीच्या कुणीतरी अंगणवाडीच्या कागदावर त्याच्यापुढे 'मंद' असा शेरा मारून ठेवला होता. एक दिवस भाच्याने मावशींकडून शब्द घेतला आणि माठाकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "येर?" येर म्हणजे पाणी. तो मुलगा मास्तरच्या तोंडाकडे बघत राहिला. मग बोलायला लागला तो पाच मिनिटं थांबेना. भाच्याला त्यातलं काही कळलं नाही. "मामा, तेव्हा मंद कोण होतं?" त्याने मला विचारलं. मी पाणी प्यालो.

आता कोणी म्हणेल, पण ही मुलं वाचतात की! वाचतात. 'निपुण'च्या हिशेबात तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द वाचायला हवेत. मी स्वतः घड्याळ लावून एका मुलीचं वाचन ऐकलं. चौसष्ट शब्द! खणखणीत! मग विचारलं, "गोष्टीतली म्हातारी कुठे निघाली होती?" ती म्हणाली, "हो." मला तिचं नवल वाटलं नाही. मी गेली पन्नास वर्षं गणपतीत अथर्वशीर्ष म्हणतो. वेग तिच्या दुप्पट. 'म्हातारी कुठे निघाली होती' असं मला कोणी विचारत नाही, म्हणून माझी अब्रू शाबूत आहे.

शाळा तपासायला एक साहेब येऊन गेले, त्यांनी उपाय सांगितला होता: "पालकांना सांगा, घरी मराठीत बोला." वा! म्हणजे आजीने नातवाला गोष्ट सांगायची ती आधी मराठीत भाषांतर करून. उद्या आमच्या सोसायटीत येऊन कोणी म्हणालं की मुलाची हिंदी सुधारावी म्हणून घरात वरण-भात हिंदीत वाढा, तर त्या साहेबाची काय गत होईल? पार्किंगमध्ये सभा. मुख्य वक्ता मी.

तेव्हा माझं भांडण साहेबाशी नाही, माझ्याशी आणि तुमच्याशी आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तशी आपली ती मातृभाषा आणि दुसऱ्याची ती 'अडचण'. प्राथमिक शाळेत मुलाला त्याच्या भाषेतून शिकण्याची सोय करा, असं घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून लिहिलेलं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही आहे, २०२० च्या धोरणातही आहे. ही सगळी कलमं मी माझ्या भाषणात घेतली होती. ती सिरोंच्यालाही लागू असतील, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मराठीला अभिजात दर्जा मिळाला २०२४ साली आणि आपण पेढे वाटले. तेलुगूला तो २००८ सालीच मिळाला आहे. आणि गोंडी? लाखो लोक ती बोलतात, पण आठव्या अनुसूचीत तिला बसायला पाट नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या लोकांनी २०१९ साली आपली आपण गोंडी शाळा काढली, तर तिला अनधिकृत म्हणून नोटीस गेली. अनधिकृत मजले मी पुष्कळ पाहिले आहेत, पण आजीच्या भाषेतली बाराखडी अनधिकृत!

परत आल्यावर हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तर एक गृहस्थ उसळले, "म्हणजे महाराष्ट्रात राहून मराठी शिकायचं नाही?" अहो, कोण म्हणतं? शिकायचंच आहे. सिरोंच्याच्या आईबापांना मुलाला मराठी यायला हवंच आहे. तहसील, कोर्ट, नोकरी, सगळं मराठीत. पण विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला भोपळा बांधतात की नाही? मुलाची भाषा हा तो भोपळा. आपण तो काढून घेतो, पोराला ढकलतो, आणि बुडालं की म्हणतो, या भागातली मुलं पोहण्यात जरा मंदच.

बरं, ही काही नवी विद्या नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली कोसबाडला गेल्या, आणि वारली मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. हेमलकशाला १९७३ साली प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आणि मंदा आमटे आधी माडिया शिकले. रोग्याला कुठे दुखतंय हे कळायला त्याची भाषा लागते हे डॉक्टरला पटतं, मग मास्तरला का पटू नये? तिकडे नेमणूक झाली की दोन-तीन महिने भाषा शिकवा, ती आली की पगारात चार रुपये वाढवा, पहिली-दुसरीच्या वर्गात मावशींसारखी एक बाई हक्काने बसवा, आणि तिला खिचडीचे वेगळे आणि भाषेचे वेगळे पैसे द्या. एवढ्यासाठी समिती नेमायची गरज नाही. पण समितीशिवाय आपल्याकडे भोपळासुद्धा वेलीवरून उतरत नाही.

भाच्याने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. खिशात एक वही ठेवतो. डावीकडे मुलांचे शब्द, उजवीकडे आपले. त्याने पहिलीला शिकवताना 'आ आईचा' शेजारी 'आ आवुचा' लिहिलं. मुलांनी तो दोन दिवसांत गिरवला.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पूल ओलांडून कालेश्वराला गेलो. तिथे एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत. शेजारी शेजारी, एकाच अभिषेकात दोघं भिजतात. आमच्या काकींना कुठेही कावळा न म्हणता दर्शन मिळालं. मग खानावळीत जेवायला बसलो. मला तेलुगूतला एकच शब्द येत होता, 'अवुनु', म्हणजे हो. वाढप्या काहीही विचारी, मी म्हणे, "अवुनु." त्यामुळे पानात आंबाडीचं लालभडक लोणचं तीनदा पडलं. मला जाणवलं की अगदी त्या चौसष्ट शब्दवाल्या मुलीच्या सुरात मी 'हो' म्हणतो आहे. शेवटी भाताची बादली आली. मला भूक सडकून होती. त्याने एक डाव वाढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उत्साहाने हात हलवून म्हटलं, "चालू! चालू!"

तो मान डोलावून बादली घेऊन निघून गेला.

भाच्याने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं : चालु – पुरे.