नदी कुणाला विचारून वळवली?

मुंबईत चार नद्या आहेत असं वस्तीतल्या बैठकीत सांगितलं, की बाया हसतात. "कुठली नदी? आमच्याकडं तर नाला आहे!" त्यांचं चूक नाही. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चारही नद्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे, विहार, पवई या डोंगराळ पट्ट्यातून निघतात. वस्तीत पोचेपर्यंत त्यांचा रंग बदलतो, वास बदलतो आणि शेवटी नावही बदलतं. दोन भिंतींमध्ये कोंडलेली, कुठे फरशीखाली झाकलेली नदी 'नाला' होते.

नाव बदलणं ही साधी गोष्ट नाही. नदी म्हटलं की तिला काठ आला, मासे आले, पुराच्या वेळी पसरायला जागा आली, तिच्यावर जगणारी माणसं आली. नाला म्हटलं की उरते फक्त घाण आणि गाळ उपसण्याचं कंत्राट.

या नद्या मुळात कुठून झिरपतात, कुठे मुरतात, कुठे फुगतात हे कुणाला ठाऊक आहे? माझं मत असं, की हे सर्वांत नीट ठाऊक आहे ते डोंगरातल्या पाड्यांवरच्या वारली, कोकणा, मल्हार कोळी बायांना. आणि नद्यांबद्दलचे निर्णय जिथे होतात, तिथे या बाया नसतात. म्हणून मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त पर्यावरणवाल्यांचा नाही. तो आपला आहे.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना लोकांकडून जमिनीवर नकाशा काढून घेण्याची पद्धत मी शिकले. दगड, काड्या, पानं, रांगोळी घेऊन लोकांनीच आपल्या वस्तीचा नकाशा मांडायचा. शहरातल्या वस्त्यांमध्ये नकाशा रस्त्यापासून सुरू होतो. आरेतल्या एका पाड्यावर बायांनी तो पाण्यापासून सुरू केला. कुठला झरा होळीपर्यंत टिकतो, कुठला वैशाखातही ओला असतो, कुठला ओहोळ पहिल्या पावसातच जागा होतो. उंबर कुठे आहे, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे. टाकळा आणि शेवळं कुठे उगवतात, मुठे कुठल्या बांधात सापडतात. एक आजी म्हणाल्या, "पयल्या पावसात मासा वर चढायचा. आता भिंत बांधली, तो चढंल कुठून?"

या एका वाक्यात शहराच्या पर्यावरणाचा अख्खा धडा आहे. वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. त्यांना वाट सलग लागते, काठाला माती आणि गवत लागतं. काँक्रीटची उभी भिंत झाली की मासा अडतो, काठात पाणी मुरत नाही, जवळच्या विहिरीला झिरपा मिळत नाही आणि सरळ केलेला प्रवाह वेगाने खाली धावतो. खाली कोण राहतं? तुमच्या-माझ्या बचत गटातल्या बाया.

हे सारं आपोआप झालेलं नाही. शहराला नळाचं पाणी हवं म्हणून १८६० साली विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई तलाव झाला. विहार आणि पवईचं भरून वाहणारं पाणी म्हणजे आजची मिठी. तिला विमानतळापाशी धावपट्टीसाठी वळवलं, पुढे तिच्या खाडीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने आपली जुनी जागा परत मागितली. पूर ओसरल्यावर घराघरातला चिखल कुणी उपसला, भिजलेलं धान्य कुणी निवडलं, हे सांगायला नको.

मात्र 'आदिवासी बाई निसर्गाची लेक' असं म्हणून आपण गहिवरून जायला नको. हे ज्ञान तिला जन्मतः मिळालेलं नाही. ते तिच्या श्रमातून आलं आहे. शहराला पाणी देणाऱ्या तलावांच्या शेजारी राहूनही अनेक पाड्यांना नळासाठी, विजेसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. हंडा डोक्यावर घेऊन चालताना झरे पाठ झाले. तेव्हा तिचं ज्ञान टिकावं म्हणून तिने हंडाच वाहत राहावा, असं कुणी सुचवत असेल तर आपण विरोधच करायला हवा. नळ हा तिचा हक्क आहे आणि झऱ्याबद्दल बोलण्याचाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ज्ञान घ्यायचं आणि माणसं हटवायची. १९९७ साली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या आदिवासींवरही 'अतिक्रमण' हा शिक्का बसण्याची वेळ आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा पाड्यांवरच्या बाया रस्त्यावर होत्या. झाडं वाचवा म्हणणारे पुष्कळ भेटले. पाडा वाचवा म्हणणारे त्या मानाने कमी. सातव्या मजल्यावरच्या खोलीत पुनर्वसन झालं, तर आजीला ठाऊक असलेला झरा नातीला कोण दाखवणार?

कायदा थोडा हात देतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठे आणि मासे यांवरचे सामूहिक हक्क आहेत, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा समूहाचा हक्क आहे. जमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. पण कायद्याची भाषा गावाची, ग्रामसभेची आहे आणि हे पाडे महापालिकेच्या हद्दीत. 'शहरात कसले आदिवासी?' या प्रश्नावर दावा अडतो. इथे संघटनांनी पाठीशी उभं राहायला हवं.

आपण काय करू शकतो? पाड्यावरच्या बाया, नदीकाठच्या वस्तीतल्या बाया आणि मुखाशी माहीम-धारावीच्या कोळीवाड्यांतल्या मासेविक्या बाया यांनी एकदा एकत्र बसावं, उगमापासून खाडीपर्यंत नदीचा नकाशा मांडावा. पाड्यावर बायांची बैठक वेगळी घ्यावी, कारण पुरुष समोर असले की तिथेही बोलतात तेच. नकाशा बायांच्या नावावर राहावा, संस्थेच्या नव्हे. आणि तो घेऊन प्रभाग कार्यालयात जाऊन ठणकावून सांगावं, की भिंत बांधण्याआधी, प्रवाह वळवण्याआधी, पाडा हलवण्याआधी आम्हाला विचारा.

आजवर नदी वळवताना कुणी बाईला विचारलं नाही. यापुढे न विचारता वळवणं अवघड व्हावं, एवढी ताकद आपल्या गटांमध्ये नक्की आहे.