कवितेखाली सही कोणाची?

यंत्र कविता रचू लागले आणि ती वाचकांना मानवी कवितेहून अधिक रुचली, या वार्तेने आमच्या साहित्यवर्तुळात कोणी हसले, कोणी संतापले. वार्ता मात्र खरी आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेक्सपिअर, व्हिटमन, एलियट यांच्यासह दहा इंग्रजी कवींच्या कविता आणि त्यांच्याच धाटणीत संगणकाने रचलेल्या कविता सरमिसळ करून त्यांनी १,६३४ सामान्य वाचकांपुढे ठेवल्या. कोणती कोणाची, हे शंभरांत सत्तेचाळीस वेळाही नीट ओळखता आले नाही. नाणे उडवून याहून बरे साधले असते! गुण देतानाही वाचकांनी झुकते माप यंत्राच्याच पदरात टाकले.

यावरून कवींचा काळ संपला असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. यंत्राची कविता चटकन कळते, म्हणून ती आवडली; मानवी कवितेतील गुंतागुंत वाचकांस विसंगती वाटली, असे संशोधकांचेच अनुमान आहे. यात यंत्राच्या प्रतिभेपेक्षा आपल्या वाचनाच्या सवयीच अधिक उघड्या पडतात. शिवाय ‘ओळखता येते काय?’ हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो.

भंडारा जिल्ह्यातील चिखला गावाचेच उदाहरण घेऊ. येथे भूमिगत खाणीतून मँगेनीज काढतात. खाणकामगारावर चार ओळी मागा. यंत्र अंधार, घाम आणि दिवा यांची सुबक जुळणी क्षणात करून देईल. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे ते अगणित लिखित मजकुरातून शिकले आहे. परंतु पाळी सुटली आणि घरचा माणूस अजून वर आला नाही, ती घटका त्याने कधी सोसलेली नाही. चिखल्याच्या माणसाने खोटी ओळ लिहिली, तर गाव त्याला उद्या जाब विचारील. यंत्राला कोण विचारणार? उसन्या भावनांचे मानवी कवीही आपल्याकडे थोडे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण त्यांना निदान नावानिशी दोष देता येतो. कविता ही साक्ष आहे, आणि साक्षीला साक्षीदार लागतो.

दुसरी गोष्ट बोलीची. ‘ण’चा ‘न’ आणि ‘श’चा ‘स’ करणारी झाडीबोली छापखान्यात फारशी पोहोचलीच नाही. मग यंत्राच्या शिदोरीत तिचा वाटा कितीसा असणार? तथापि संगणक हा कवितेचा वैरी नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या संगणकाच्याच साह्याने जतन झाल्या. आणि त्यांच्यासोबत गाणाऱ्या बाईचे व तिच्या गावाचे नावही राहिले.

हाच मार्ग आम्हांस योग्य वाटतो. संपादकांनी व स्पर्धा भरविणाऱ्यांनी यंत्राची रचना यंत्राच्याच नावे छापावी. झाडीपट्टीतील शाळांनी मुलांस आपल्या बोलीत लिहू द्यावे आणि म्हाताऱ्यांची गाणी नावागावासह टिपून घ्यावीत. यंत्र थांबणार नाही. पण गाणाऱ्या पिढीपाशी तेवढा वेळ नाही.