गेंडा ओळखला म्हणजे डोकं शाबूत? कंपवाताच्या रुग्णांची ‘बुद्धीची परीक्षा’ बोरीत का अडखळते

2018 च्या जानेवारीत डोनाल्ड ट्रम्प यांना 30 पैकी 30 मार्क पडल्याची बातमी जगभर फिरली. 2025 च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. सिंह, गेंडा, उंट ओळखा, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. लोकांनी मीम्स केले, ‘हे तर माझा पोरगापण सांगेल’ म्हणून हसले.

त्या परीक्षेचं नाव मोका, म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट. कॅनडातल्या डॉ. झियाद नसरेद्दिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2005 साली प्रसिद्ध केली. साधारण दहा-पंधरा मिनिटांचं काम. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स झालेल्या माणसाचं डोकं कसं चाललंय हे बघायला डॉक्टर आज हीच चाचणी खूप वापरतात.

आता हाच कागद परभणी जिल्ह्यातल्या बोरीच्या, जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या एखाद्या सत्तरीतल्या शेतकऱ्यासमोर ठेवा. मीमचा विषय लगेच गंभीर होतो.

पण कंपवात तर हाताचा आजार ना?

बहुतेकांना असंच वाटतं. खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनीही बुद्धीला धक्का लागत नाही असंच नोंदवलं होतं. पुढं ते चुकीचं ठरलं.

ज्यांना डिमेन्शिया झालेला नाही अशा कंपवाताच्या रुग्णांपैकीही साधारण चारातल्या एकाला विचार करण्यात सौम्य अडचण असते. सिडनीतल्या एका अभ्यासात रुग्णांवर 20 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तोवर हयात असलेल्यांपैकी 83 टक्क्यांना डिमेन्शिया झाला होता. अलीकडच्या अभ्यासांत हे प्रमाण त्याहून बरंच कमी दिसतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण दुर्लक्ष करण्याइतकी ही गोष्ट लहानही नाही.

आणि हा बिघाड अल्झायमरसारखा दिसत नाही. नातवाचं नाव आठवतं, लग्नाची तारीख आठवते. अडतं ते वेगळीकडे: एका वेळी दोन कामं सांभाळणं, क्रम लावणं, लक्ष टिकवणं, अंतराचा अंदाज घेणं. शब्द चटकन आठवत नाही, पण थोडी हिंट दिली की आठवतो. घरचे म्हणतात, ‘बाबांना सगळं आठवतं, त्यांना काय झालंय?’ आणि नेमकं हेच हुकतं.

मग चाचणीत अडचण काय आहे?

पहिली अडचण शाळेची. मोकात 26 च्या खाली मार्क आले की शंका घेतली जाते. ज्यांचं शिक्षण 12 वर्षं किंवा त्याहून कमी, त्यांना एक मार्क वाढवून मिळतो. म्हणजे बारावी झालेल्याला एक मार्क आणि दुसरीतून शाळा सोडून गुरं राखायला गेलेल्यालाही एकच.

2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची साक्षरता सुमारे 73 टक्के होती, राज्याची सुमारे 82. हा आकडा सगळ्या वयांचा आहे. आज सत्तरीत असलेल्यांची, त्यातही बायकांची स्थिती काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिला घनाचं चित्र काढायला सांगणं ही बुद्धीची परीक्षा नाही, ती शाळेची परीक्षा आहे. तिला शंभरातून सात-सात वजा करता येणार नाहीत, पण मोंढ्यात कापसाचे पैसे मोजून घेताना तिला कुणी फसवू शकणार नाही.

दुसरी अडचण आजाराचीच. हात कापतो म्हणून घड्याळ वाकडं येतं. अक्षर बारीक होत जातं. आवाज खोल गेलेला असतो. उत्तर माहीत असतं, पण बाहेर यायला वेळ लागतो. तपासणाऱ्याने घाई केली की मार्क गेला.

तिसरी अडचण वेळेची, आणि गावाकडे ती सगळ्यात मोठी. कंपवाताची मुख्य गोळी लेव्होडोपा. तिचा असर काही तासांनी उतरतो. समजा, बोरीहून पहाटेची एसटी पकडली, केसपेपर काढला, रांगेत दुपार झाली आणि गोळी घरीच राहिली. त्या वेळी घेतलेली चाचणी माणसाची नसते, उतरलेल्या गोळीची असते. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही चांगलीच गोष्ट. पण दवाखाना जवळ आला म्हणून चाचणी आपोआप बरोबर होत नाही.

भाषांतर केलं की भागतं का?

नाही. भारतातच याचं चांगलं उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये, शाळेत न गेलेल्या ज्येष्ठांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. मूळ परीक्षेत ‘डोळे मिटा’ असं वाचून डोळे मिटायचे होते. इथं तपासणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचं. परीक्षा तीच, पण पाटी-पेन्सिल बाजूला.

मोकाचीही ‘बेसिक’ आवृत्ती आहे, कमी शिकलेल्यांसाठी. तिच्यात फळांची नावं आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, आपल्याकडच्या लोकांसाठी चाचण्यांचा संच बनवला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पाच भाषा होत्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नव्हती. इतके कोटी लोक बोलतात त्या भाषेची ही गत. आणि उद्या मराठी संच आला तरी तो पुण्यात तपासून परभणीत लावायचा का, हा प्रश्न उरतोच.

मार्क चुकले तर बिघडतं काय?

दोन्ही बाजूंनी बिघडतं.

कमी मार्कांवरून ‘डिमेन्शिया’चा शिक्का बसला, तर मेंदूतल्या डीबीएस शस्त्रक्रियेचा रस्ता बंद होऊ शकतो, कारण डिमेन्शिया असेल तर ती सहसा करत नाहीत. घरात त्या माणसाला व्यवहारातून बाजूला केलं जातं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतीय करार कायदा, 1872 बघतो ते एवढंच: करार करताना माणसाला तो समजत होता का, आणि आपल्या भल्याबुऱ्याचा विचार करता येत होता का. 30 पैकी 18 आले म्हणून कुणाची सही आपोआप बाद होत नाही. ‘बाबांचं डोकं गेलंय’ म्हणत सातबाऱ्यावर डोळा ठेवणाऱ्यांना हे सांगायला हवं.

उलट, खरा बिघाड ‘वय झालं’ म्हणून सोडून दिला, तर गोळ्यांची गल्लत होते, पडणं वाढतं, नसलेली माणसं दिसू लागतात. यावर उपाय आहेत. रिव्हास्टिग्मिन हे औषध कंपवातातल्या डिमेन्शियासाठी अमेरिकेत 2006 पासून मान्य आहे. कधी कधी कारण औषधाचंच असतं. कंप कमी करायला दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती बिघडवू शकतं. मात्र ते स्वतःहून अचानक बंद करू नका. उदासी, झोप, थायरॉईड, बी12 हेही तपासून घ्यावं लागतं.

तुमच्या घरी रुग्ण असेल तर?

चाचणीला जाताना गोळ्यांचा डबा आणि वेळापत्रक सोबत न्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे सांगा. चष्मा, कानाचं यंत्र विसरू नका. किती शिकले हे खरं सांगा, लाजू नका. आपल्या बोलीत विचारा अशी विनंती करा. एका चाचणीवर निकाल मानू नका, सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच माणसाची स्वतःशी तुलना जास्त बोलकी असते.

आणि मार्कांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे रोजचं वागणं. कंपवातातल्या डिमेन्शियाच्या 2007 च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही एक साधा प्रश्न आहे: तुम्ही कोणत्या गोळ्या कधी घेता, सांगा. ना चित्र, ना गणित. सदऱ्याची बटणं हात ताठ झाल्यामुळे लागत नाहीत, की आधी काय घालायचं हेच सुचत नाही? हा फरक डॉक्टरला केसपेपरवर दिसत नाही. तो घरातल्या माणसाला दिसतो.

पार्किन्सन्स हा आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, हेही माहीत असू द्या. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी काम करतात.

ट्रम्प यांचे 30 मार्क बघून हसणं सोपं आहे. पण घरातल्या कुणाला कमी मार्क पडले, तर आधी विचारा: परीक्षा कोणत्या भाषेत झाली, किती वाजता झाली आणि कुणाच्या मापाने झाली?