मोटारीचें छप्पर

उघड्या टपाची मोटार रस्त्यानें जातांना दिसली म्हणजे विद्यार्थी आम्हांस हटकून विचारतात, "अशी मोटार कांहींच जातींत कां मिळते? छप्पर काढावें आणि त्या जागीं कापडी टप बसवावा, एवढेंच तर काम!" प्रश्न चांगला आहे, परंतु त्यांतील 'एवढेंच' हा शब्द फसवा आहे, असें आमचें मत आहे.

आरंभींच्या बहुतेक मोटारी उघड्याच असत. गाडीचा सर्व भार तळाची चौकट वाही व वरचा सांगाडा तीवर नुसता बसविलेला असे. छप्पर असलें काय किंवा नसलें काय, गाडीच्या बळांत फारसा फरक पडत नसे. पुढें चौकट व सांगाडा एकजीव करण्याची रीत आली. १९३४ सालीं निघालेली सित्रोएन कंपनीची 'त्राक्सियों आव्हां' ही मोटार तिचें प्रसिद्ध उदाहरण होय. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारी याच रीतीनें बनतात. त्यांत तळ, खांब आणि छप्पर मिळून एक पेटी होते. विद्यार्थ्यांनीं झाकण चिकटविलेलें पुठ्ठ्याचें खोकें दोन्ही हातांनीं पिळून पाहावें. मग झाकण कापून पुन्हां पिळावें. आमचें म्हणणें त्यांस तत्काळ पटेल.

छप्पर गेलें कीं त्याचें काम दुसऱ्या कोणी तरी केलें पाहिजे. म्हणून दारांखालच्या कडा जाड कराव्या लागतात, पुढील काचेची चौकट बळकट करावी लागते, तळाशीं आडवे पट्टे जोडावे लागतात. परिणामीं उघडी मोटार आपल्या बंद भावंडाहून बहुधा जडच भरते. चार दारांच्या गाडींत तर मधल्या खांबास वरून आधारच उरत नाहीं. शिवाय मिटलेला टप ठेवावयास जागा लागते, ती मागील आसनांतून व सामानाच्या कप्प्यांतून घ्यावी लागते.

इतका खर्च करून गिऱ्हाईक किती? फोक्सवागेनच्या 'बीटल' मोटारीचा उघडा प्रकार जर्मनींतील ओस्नाब्रुक येथें कारमन कारखान्यांत १९४९ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. तशा ३ लाख ३० हजारांहून अधिक मोटारी झाल्या. पण सर्व बीटल मिळून २ कोटी १० लाखांहून अधिक होत्या. म्हणजे इतक्या लोकप्रिय गाडींतही उघड्यांचें प्रमाण शेंकडा दोनांहून कमीच. उलट १९८९ सालीं निघालेली माझ्दा कंपनीची 'एम-एक्स ५' मुळापासूनच उघडी म्हणून आंखलेली होती, आणि २०१६ पर्यंत तिची संख्या दहा लाखांवर गेली. तेव्हां जी गाडी आरंभापासून त्या हेतूनें रचिली, किंवा जिचें गिऱ्हाईक खात्रीचें आहे, तिलाच कारखानदार हा प्रकार देतो. यांत कंजूषपणा नाहीं, हिशेब आहे. आणि त्याहून अधिक म्हणजे जबाबदारी आहे.

हें सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, आपल्याकडे वरातीसाठीं वा हौसेखातर बंद मोटारीचें छप्पर कापवून घेणारे लोक आढळतात. कापणाराजवळ करवत असते, हिशेब नसतो. गाडी उलटली तर आंतील माणसांच्या मस्तकांवर कांहींच राहत नाहीं. धडक बसली तर सांगाडा कोठें दुमडेल हें कोणीच तपासलेलें नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निर्मात्याच्या मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मनाई आहे, व सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं तेंच स्पष्ट केलें आहे. परंतु कायदा नसता तरी आम्हीं हेंच सांगितलें असतें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें असा हट्ट धरल्यास त्यास केवळ 'नाहीं' म्हणून गप्प बसवूं नये. तें खोकें त्याच्या हातीं द्यावें. आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कोणतीही वस्तु निरुपयोगी म्हणून काढून टाकण्यापूर्वीं ती कोणता भार वाहत आहे, हें आधीं विचारावें.